किचन-बाथरूममध्ये व्हिनाइल टाकताय? आधी खालची ओल बघा

इंदूरला सुदामानगरात आमचं जुनं घर आहे, तळमजल्याचं, किचनमध्ये कोटा फरशी आणि बाथरूममध्ये त्या जुन्या छोट्या पांढऱ्या टाइल्स. तीन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी आईच्या मनात आलं की बाथरूम जरा छान दिसायला पाहिजे, तर मी बाजारातून चिकटवायच्या व्हिनाइल टाइल्स आणल्या, मागचा कागद काढा आणि चिकटवा अशा. दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफ आहे दीदी, बेफिकर रहा. एका दुपारी सगळं लावून झालं, दिसायला अगदी झकास. अनंत चतुर्दशीपर्यंत कोपरे उचलले, दिवाळीला मी त्यातली एक टाइल नखाने ओढली तर अख्खीच हातात आली आणि खाली काळी बुरशी, आणि तो वास, ओल्या गोणपाटासारखा. आई तिथे रोज अनवाणी अंघोळ करत होती. तेव्हापासून मी या विषयात खूप शिकले, स्वतःच्या फ्लॅटचं किचन केलं, आईचं किचन नीट केलं, मावशीकडे वॉशबेसिनची जागा केली, आणि आता नात्यातलं कोणी ना कोणी दर महिन्याला फोन करून विचारतंच, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. व्हिनाइल स्वतः पाणी पीत नाही हे खरंच आहे, ते प्लास्टिकच आहे, पीव्हीसी. पण दोन तुकड्यांच्या मधली फट पाणी आत घेते, भिंतीकडची कड घेते, आणि एकदा पाणी खाली गेलं की वरून ते वाळूच शकत नाही कारण वर प्लास्टिक आहे. म्हणजे उघड्या फरशीवर जे पाणी पंख्याने तासाभरात वाळलं असतं तेच आता महिनोन्‌महिने खाली बसून राहतं. आणि जमिनीतून वर येणारी ओल, ती तर वेगळीच. त्यामुळे व्हिनाइल चांगलं टिकणार की नाही हे व्हिनाइलपेक्षा खालच्या जमिनीवर जास्त अवलंबून आहे, आणि कामातला अर्ध्याहून जास्त वेळ तिथेच जायला पाहिजे.

कुठे टाकायचं, कुठे नाही

आपल्याकडचं बाथरूम म्हणजे बादली-तांब्या, कपडे आपटायची जागा, सगळी जमीन ओली आणि उतार जाळीकडे. असल्या न्हाणीघरात मी व्हिनाइल टाका असं कोणालाच सांगत नाही, मग दुकानदार काहीही म्हणू दे. हॉस्पिटलांमध्ये ओल्या जागेत व्हिनाइल असतं पण ते वेगळं काम आहे, तिथे अख्खी शीट असते, सांधे गरम हवेने वेल्ड करतात, शीट भिंतीवर चार-सहा इंच गोल वळवून वर नेतात आणि जाळीसुद्धा शीट दाबून धरणारी खास असते. ते ट्रेनिंग घेतलेल्या माणसाचं काम आहे, आपण रविवारी बसून करायचं नाही.

मग बाथरूममध्ये कुठे चालतं? काचेच्या पार्टिशनच्या बाहेरची कोरडी बाजू, पाहुण्यांसाठी असते ती फक्त कमोड-बेसिनची छोटी खोली, वॉशबेसिनसमोरचा पॅसेज. थोडक्यात जिथे थेंब पडतात पण पाणी ओतलं जात नाही तिथे. आणि किचनमध्ये बिनधास्त, फक्त एक सवय बदलावी लागेल, शनिवारी बादलीभर पाणी ओतून खराट्याने किचन धुवायचं आणि वायपरने ओढायचं ते बंद. पोछाच. आईला हे पटवायला मला आठ दिवस लागले, आणि मी सांगते की घरात जी व्यक्ती धुते तिच्याशी हे आधी बोला, माल आणायच्या आधी, नंतर नाही. कामाला येणाऱ्या ताईंशी पण.

कोणतं घ्यायचं

बाजारात साधारण चार प्रकार दिसतील. एक, रोलमधली शीट, जिला अर्धं इंदूर पीव्हीसी कार्पेट म्हणतं. त्यातली अगदी पातळ, अर्ध्या मिलिमीटरची, फक्त अंथरायची असते, भाड्याच्या घरात वर्ष दोन वर्षं ठीक, त्यापेक्षा अपेक्षा ठेवू नका. जाड, दीड-दोन मिलिमीटरची शीट ही खरी फ्लोरिंगची. दोन, कागद काढून चिकटवायच्या टाइल्स, ज्यांची कथा वर सांगितली, त्या अगदी गुळगुळीत कोरड्या जागीच धरतात. तीन, गोंदाने चिकटवायच्या पट्ट्या, दोन-तीन मिलिमीटर. चार, एसपीसी, म्हणजे दगडाची भुकटी आणि पीव्हीसी मिळून केलेल्या कडक पट्ट्या, चार ते सहा मिलिमीटर, एकमेकांत खटकन बसतात आणि जमिनीला चिकटवत नाहीत, नुसत्या वर तरंगतात.

नवीन माणसाला किचनसाठी माझं मत विचाराल तर एसपीसी किंवा जाड शीट. एसपीसी चूक झाली तर परत उघडता येतं. शीटमध्ये सांधाच नसतो हा तिचा मोठा फायदा, आणि तो मिळतो की नाही हे मोजमापावर आहे, ते पुढे सांगते.

दुकानात गेल्यावर नुसती जाडी विचारू नका, वेअर लेअर किती ते विचारा. वरचा पारदर्शक थर, ज्यावर आपण चालतो, डिझाइन त्याच्या खाली छापलेलं असतं आणि तो थर घासला गेला की संपलं. घरातल्या किचनला 0.3 मिलिमीटर पाहिजे, खूप वर्दळ असेल तर 0.5. एकूण जाडी पाच मिलिमीटर सांगतात आणि वेअर लेअर 0.1 निघतो, असला माल मी हातात घेऊन परत ठेवलाय. सगळ्या बॉक्सवर बॅच नंबर एकच आहे का बघा नाहीतर रंगात फरक पडतो आणि तो लावल्यावरच दिसतो. शीटचा सँपल तुकडा घ्या आणि कोपरा दुमडून बघा, पांढरी रेघ पडून तडकतोय का. आणि बेसिनजवळ घालायचं असेल तर खडबडीत पोताचंच घ्या, सँपलवर साबणाचं पाणी टाकून त्यावर अंगठा जोरात ओढून बघा. घरात म्हातारं माणूस असेल तर ही परीक्षा रंगापेक्षा महत्त्वाची. रंगावरून आठवलं, पांढरं किंवा फार फिकट किचनमध्ये नको, हळद सांडली आणि तासभर राहिली की पिवळा डाग बसतो.

मोजमाप

लांबी गुणिले रुंदी आणि वर दहा टक्के वाया जाणारं. पण आपल्या किचनची एक गंमत आहे. समजा किचन 10 फूट बाय 8 फूट, ओटा लांब बाजूने आणि दोन फूट खोल. ओट्याखाली ट्रॉल्या फिट केलेल्या असतील तर त्यांच्याखाली काही टाकायची गरज नाही, म्हणजे उरली 10 बाय 6 फूट, साठ स्क्वेअर फूट, आणि दहा टक्के धरून सहासष्ट. आता शीटचा रोल साधारण 2 मीटर रुंद येतो, म्हणजे साडेसहा फुटांपेक्षा किंचित जास्त. सहा फुटांत अख्खी बसली! सांधाच नाही. दुकानात ऐंशी स्क्वेअर फूट सांगितलं असतं तर त्याने दोन तुकडे जोडून दिले असते. म्हणून आधी घरी बसून कागदावर नकाशा काढा, दरवाजा कुठे, सिंक कुठे, फ्रीज कुठे, आणि भिंती दोन्ही टोकांना मोजा, कारण जुन्या घरात एका टोकाला सहा फूट आणि दुसऱ्या टोकाला सहा फूट एक इंच निघतोच निघतो. सांधा टाळताच येत नसेल तर तो सिंकपासून जितका लांब नेता येईल तितका न्या.

दरवाजाही बघून घ्या. खाली किती फट आहे? एसपीसी पाच मिलिमीटर आणि खाली जमीन सपाट करणारा लेव्हलिंगचा थर दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे दार अडकणार. सुताराकडून दार खालून घासून घ्यायचं ते आधीच.

ओल तपासायची

हे काम फुकट आहे आणि लोक हेच सोडतात. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा तुकडा घ्या, स्वच्छ कोरड्या जमिनीवर ठेवा, चारही बाजूंनी टेपने पूर्ण बंद करा, दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. उचलल्यावर प्लास्टिकच्या आतून थेंब दिसले किंवा खालची फरशी गडद झालेली दिसली तर ओल आहे. एक तुकडा खोलीच्या मधे लावा, एक सिंकखालच्या बाजूला आणि एक त्या भिंतीजवळ जिच्या पलीकडे बाथरूम आहे.

आपल्या माळव्यात काळी माती, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तडे पाडते, त्यामुळे तळमजल्याच्या फरशा हलतात, दरजा उघडतात आणि ओल वर येते. म्हणून मे महिन्यात टेस्ट करून सगळं कोरडं आहे म्हणू नका, मे महिन्यात सगळंच कोरडं असतं. मी आईच्या किचनची टेस्ट ऑगस्टमध्ये केली आणि सिंकखालचा तुकडा आतून असा भिजला होता की पुसता आला असता. शोधल्यावर कळलं ती जमिनीची ओल नव्हतीच, सिंकच्या पाइपचा जॉइंट भिंतीच्या आत गळत होता, किती वर्षांपासून देवाला माहीत. आधी प्लंबर, मग महिनाभर सुकू दिलं, परत टेस्ट, आणि मग काम. आरओ फिल्टर असेल तर त्याची वाया जाणाऱ्या पाण्याची बारीक नळी पण बघा, ती हमखास ठिबकते आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

ओल निघाली तर? नळाची असेल तर नळ दुरुस्त करा. जमिनीतून येत असेल तर वॉटरप्रूफिंगवाल्याकडून फरशीवर ओल अडवणारा थर मारून घ्यावा लागेल, आणि परत टेस्ट करून तरीही ओल येत असेल तर व्हिनाइल टाकूच नका. खरंच नका. टाइल्स लावा, पैसे वाचतील. नवीन कोबा केला असेल तर किमान 28 दिवस थांबा, आणि तरी प्लास्टिकची टेस्ट कराच कारण जाड थर त्याहून जास्त वेळ घेतो.

जमीन तयार करायची

आता खरं मेहनतीचं. आधी पोकळ फरशा शोधा, लाकडी दांड्याने किंवा नाण्याने ठोकत जा, भरीव आवाज आणि पोकळ आवाज कानाला लगेच वेगळा कळतो, खडूने खूण करा. हलणारी फरशी काढून परत बसवायचीच, तिच्यावर काहीही टाकलं तरी एक दिवस तिथलं लॉक, म्हणजे पट्ट्या एकमेकांत बसतात ती खाच, तुटतं.

मग तेल. आपल्या किचनच्या फरशीवर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा थर असतो, दिसत नाही पण गोंद धरू देत नाही. गरम पाण्यात वॉशिंग सोडा टाकून ब्रशने घासा, हातात ग्लव्हज घाला, दोनदा साध्या पाण्याने पुसा आणि पूर्ण दोन दिवस वाळू द्या. पाण्याचे चार थेंब टाकून बघा, ते मोत्यासारखे गोल उभे राहिले तर अजून तेल किंवा पॉलिश आहे, पसरले तर ठीक. पॉलिश केलेल्या कोट्याला खडबडीत पॉलिश पेपर मारावाच लागतो, तोंडाला मास्क बांधून, ती धूळ चांगली नसते.

मग सपाटी. सहा फुटांची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी घ्या, जमिनीवर आडवी, उभी, तिरपी ठेवा आणि खाली कुठे फट दिसते बघा. मिस्त्रीच्या भाषेत सांगायचं तर सहा फुटांत एक सुतापेक्षा जास्त खड्डा किंवा उंचवटा नको, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर. उंचवटे घासायचे, खड्डे आणि दरजा भरायच्या. पातळ शीट असेल तर टाइल्सची एकूणएक दरज भरा, नाहीतर सहा महिन्यांत वरून चौकट-चौकट दिसायला लागते.

आणि भरायचं कशाने, इथे मिस्त्रीशी वाद होणार हे धरून चला. आमचा मिस्त्री म्हणाला, "मॅडम, वॉल पुट्टी मार देते हैं, एकदम चिकना हो जाएगा." नाही. पुट्टी भिंतीसाठी आहे, पायाखाली तिचा भुगा होतो आणि मग वरचं सगळं सुटतं. पीओपी तर अजिबात नाही, ते ओल लागली की मऊ पडतं. फ्लोअर लेव्हलिंग कंपाउंडच आणा, पिशवीवर लिहिलेलं असतं तेवढंच पाणी मोजून घाला, अंदाजाने नाही, आणि गुळगुळीत टाइल्सवर आधी त्याच कंपनीचा प्रायमर मारा. मिश्रण लवकर घट्ट होतं म्हणून थोडं थोडं कालवा. मिस्त्री चांगला माणूस होता, मी त्याला पुट्टीचा जुना सुटलेला तुकडा हातात दिला तो चुरून बघितल्यावर त्याने पुढचं सगळं काम अगदी मनापासून केलं.

माल आणल्यावर

बॉक्स लगेच उघडून लावायला बसू नका. ज्या खोलीत लावायचं तिथेच आडवे ठेवून 48 तास थांबा, उभे टेकवून ठेवले तर पट्ट्या वाकतात. रोल असेल तर उलगडून सपाट पसरून ठेवा. व्हिनाइल गरमीत वाढतं आणि थंडीत आकसतं, आणि आपल्याकडे मे मध्ये 42 डिग्री आणि जानेवारीच्या रात्री 8-10, म्हणजे दोन्ही टोकं. मला विचाराल तर दसरा-दिवाळीच्या सुमाराला किंवा फेब्रुवारी-मार्चमध्ये काम काढा. जानेवारीत शीट कडक होते, वळवताना तडकते, आणि कडाक्याच्या थंडीत भिंतीला घट्ट लावलेलं एसपीसी मे मध्ये मधून डोंगरासारखं वर येतं.

एसपीसी लावणं

पट्ट्या खोलीच्या लांब बाजूने घाला. भिंतीपासून चारही बाजूंनी 8 मिलिमीटर जागा सोडा, स्पेसर नसतील तर तेवढ्या जाडीचे लाकडाचे तुकडे चालतात. सुरुवात करण्याआधी शेवटची ओळ किती रुंद येणार ते काढा, नाहीतर शेवटी बोटाएवढी चिंधी उरते जी लॉकच होत नाही. आमचंच घ्या, सहा फूट म्हणजे 183 सेंटीमीटर, दोन्हीकडच्या फटी मिळून 1.6 वजा, उरले 181.4. पट्टी 18 ची. दहा पट्ट्या घातल्या की 180 झाले आणि उरलं 1.4, हे कापून बसवणार कसं? म्हणून नऊ पूर्ण घ्यायच्या, 162, आणि उरलेले 19.4 दोन्ही टोकांना अर्धे अर्धे, 9.7 आणि 9.7. पहिली ओळच कापून सुरू करायची. हे गणित मला पहिल्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

कापायला मशीन लागत नाही, जाड कटरने वरच्या बाजूने दोन-तीनदा जोरात रेघ ओढा आणि गुडघ्यावर ठेवून मोडा, बिस्किटासारखी सरळ तुटते. लॉक तिरकं घालून खाली दाबायचं, मग रबरी हातोडीने हलकं ठोकायचं, मधे एक फालतू तुकडा धरून, थेट पट्टीच्या कडेवर ठोकलं की लॉक फुटतं आणि ते नंतर कळतं. एका ओळीचा उरलेला तुकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला वापरा पण दोन शेजारच्या ओळींचे सांधे निदान आठ-दहा इंच मागेपुढे पाहिजेत. पहिल्या दोन ओळी दोरीसारख्या सरळ आल्या पाहिजेत, तिथे एक तास जास्त गेला तरी चालेल, वाकडं गेलं की दहाव्या ओळीत फटी पडतात.

पाइप जिथून येतो तिथे पाइपपेक्षा सगळीकडून 8 मिलिमीटर मोठं भोक पाडा. आणि ट्रॉल्या, कपाटं एसपीसीवर स्क्रूने ठोकू नका, ती फरशी तरंगती आहे, तिला हलायला जागा लागते. फ्रीज ठेवायला हरकत नाही.

शीट लावणं

शीटला आधी जुन्या वर्तमानपत्रांचा साचा बनवा, कागद टेपने जोडत अख्ख्या जमिनीचा, कोपरे आणि पाइप कापून, मग तो साचा शीटवर ठेवून आखा. तरीसुद्धा भिंतीकडे दोन-तीन इंच जास्त ठेवूनच कापा. शीट पसरवून, जास्तीचा भाग भिंतीवर चढवून, कोपऱ्यात बोथट थापीने दाबून घडी पाडायची आणि मग घडीवर कटर. आतल्या कोपऱ्यात इंग्रजी व्ही सारखा काप घ्यायचा, बाहेरच्या कोपऱ्यात वरून सरळ खाली. ऐकत नसेल तर हेअर ड्रायरने कोमट करा, मऊ होते.

गोंद लावताना अर्धी शीट गुंडाळून घ्या, अर्ध्या जमिनीवर दातेरी थापीने गोंद ओढा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, मग हळूहळू शीट सोडत मधून कडेकडे दाबत या. रोलर नसेल तर पोळपाटाबरोबरचं लाटणं जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, गुडघ्यावर बसून, सगळं वजन देऊन फिरवा. मग दुसरी बाजू. सांधा येत असेल तर दोन्ही शीट एक-दीड इंच एकावर एक चढवा, डिझाइन जुळवा, पोलादी पट्टी ठेवून दोन्ही एकदम कापा, कापल्यावरच त्याखाली गोंद लावा आणि वरून सांध्याचं खास सोल्यूशन सोडा. सिंकजवळच्या सांध्याला हे सोल्यूशन नसेल तर ते काम अर्धंच झालं समजा.

इथे एक फार गंभीर गोष्ट. रबर गोंद, तो पिवळट, उग्र वासाचा, त्याची वाफ पेट घेते. किचनमध्ये तो लावताना गॅस सिलिंडर घराबाहेर, पाइप गॅस असेल तर मेन कॉक बंद, देवघरात दिवा नाही, उदबत्ती नाही, फ्रीजचा प्लग काढलेला, खिडक्या सताड उघड्या, लहान मुलं आणि म्हातारी माणसं दुसऱ्या घरी. त्या दिवशी स्वयंपाक नाही, सकाळी पोहे-जलेबी बाहेरून आणा, रात्री सराफ्यात, आपल्या खाऊबाजारात, जा. शक्य असेल तर पाण्याच्या बेसचा व्हिनाइलचा गोंदच मागा, वास कमी आणि धोका कमी.

कडा

इथेच लोक थकतात आणि इथेच पाणी शिरतं. किचनमध्ये सिंकच्या बाजूची आणि बाथरूमच्या कोरड्या भागात चारही बाजूंची फट भरायची, आधी फोमची दोरी आत दाबायची मग त्यावर बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन, बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एकाच ओढीत गुळगुळीत करायचं. सिलिकॉन लवचीक राहतं म्हणून चालतं, पांढरं सिमेंट भरू नका, ते तडकतं आणि एसपीसीला हलूही देत नाही. बाकी भिंतींकडे स्कर्टिंग, ते भिंतीला चिकटवायचं, फरशीला नाही. दाराशी जिथे दुसरी फरशी लागते तिथे अॅल्युमिनियमची पट्टी, तीही उंबरठ्याच्या बाजूने बसवलेली. कमोड जमिनीवरचा असेल तर प्लंबरकडून तो काढून, खाली फ्लोरिंग घालून परत बसवणं उत्तम, तेवढं जमत नसेल तर आकार कापून भोवती सिलिकॉन. आणि बाथरूमच्या दाराशी ओल्या बाजूकडून पाणी बाहेर येत असेल तर आधी उतार दुरुस्त करा, मिस्त्री फुटाला एक ते दोन सूत उतार जाळीकडे देतात, तो नसेल तर कुठलीच कड टिकणार नाही.

गोंदाच्या कामावर एक दिवस चालू नका, तीन दिवस पाणी लावू नका. फ्रीज परत आणताना खाली प्लायवूडचा तुकडा घालून सरकवा, ओढलात तर पहिल्याच दिवशी चरा.

नंतर

पोछ्याला साधं सौम्य लिक्विड. अॅसिड नाही, टॉयलेट क्लीनर तर नाहीच. बोरिंगच्या पाण्याचे पांढरे डाग येतात, ते पाण्यात थोडा व्हिनेगर घालून पुसा आणि लगेच साध्या पाण्याने. गरम कढई, कुकर, तवा जमिनीवर टेकवायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, गोल वितळलेला डाग पडतो आणि तो जात नाही, एक लाकडी पाट कायम हाताशी ठेवा. दिवाळीत पणती थेट ठेवू नका, ताटलीत ठेवा. आणि हे फारच कमी लोकांना माहीत असतं, रबरी बुडाचे पायपुसणे सिंकसमोर टाकू नका, रबरातलं रसायन व्हिनाइलमध्ये उतरतं आणि तपकिरी-पिवळा डाग पडतो, कशानेही निघत नाही. सुती घ्या आणि रोज उचलून झटका.

कापलेले तुकडे जाळायचे नाहीत, पीव्हीसी जळताना घातक वायू निघतो. आपल्या कचरागाडीत तसे वेगवेगळे कप्पे आहेतच, व्हिनाइलचे तुकडे प्लास्टिकमध्ये, गोंदाचा डबा घातक कचऱ्यात, आणि उखडलेल्या फरशीचा मलबा गाडीत टाकू नका, तो नगर निगमला सांगून वेगळा उचलावा लागतो.

पावसाळा संपला की दरवर्षी एकदा गुडघ्यावर बसून सिंकखाली आणि दाराशी सिलिकॉनवर बोट फिरवा, कुठे सुटलंय का, कुठे दाबल्यावर पचपच होतंय का, काळं दिसतंय का. सुटलेला भाग कापून काढा, दोन दिवस वाळू द्या, नवं भरा. आणि उरलेल्या पट्ट्यांपैकी तीन-चार फेकू नका, पलंगाखाली आडव्या ठेवा, बॉक्सवरचा बॅच नंबर असलेला कागद त्यांनाच टेपने चिकटवून.